व्हरांड्यात बसवलेली मुलं

मंडळी, मोबाइलवर कुणीतरी जातीवरून, रंगावरून घाणेरडी पोस्ट टाकतं. मुलं चिडून दाद मागतात, आणि शाळा म्हणते, "विषय वाढवू नका." हे उत्तर जुनं आहे. आपण राजापुरात बसलोय. त्याचा इतिहास याच जिल्ह्यात, दापोलीत सापडतो.

पण सुरुवात धारवाडपासून करू. जून 1856 मध्ये तिथल्या एका महार मुलानं सरकारी शाळेत प्रवेश मागितला. मुंबई सरकारनं अर्ज फेटाळला. कारण काय, तर एकासाठी बाकीच्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा पूर्वग्रह दुखवायचा नाही! 1858 मध्ये लंडनच्या संचालक मंडळानं बजावलं, की सरकारी शाळा सगळ्यांसाठीच आहेत.

तरी 1890 च्या दशकात दापोलीत महार लष्करी पेन्शनरांना मुलांच्या प्रवेशासाठी अर्ज करावे लागले. प्रवेश मिळाला, पण जागा मिळाली ती व्हरांड्यात. नाव हजेरीपटावर, मूल वर्गाबाहेर. पुढं 1923 मध्ये बोले ठरावानं सार्वजनिक शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असं म्हटलं. अंमलबजावणीसाठी मात्र झगडावंच लागलं.

यातून आपण काय घ्यायचं? शाळेनं दरवेळी आधी बघितलं, की गडबड कशी टळेल. ज्याचा अपमान झाला, त्याचं म्हणणं नंतर. आजही तक्रार करणाऱ्या मुलालाच गप्प बसवलं किंवा त्याचाच वर्ग बदलला, तर तो व्हरांडाच झाला. चौकशी व्हावी, ती पोस्ट टाकणाऱ्याची. आणि तक्रारदाराचा बाक त्याच्याच वर्गात राहावा, एवढं तरी आपण शाळेकडे मागू या.