झूम भिंगाला सत्तावन्न वर्षे का लागली?

पोलादपूरहून कुडपणला जाणारा रस्ता वळणे घेत सह्याद्रीच्या कुशीत शिरतो. पावसाळा सरत आला होता, तरी कड्यांवरून पाण्याच्या धारा अजून उतरत होत्या. आम्ही दोघे शिक्षक आणि बरोबर नववीची काही मुले. कॅमेरा आजचा, डिजिटल; पण त्याला लावलेले झूम भिंग जुन्या बाजारातून आणलेले, हाताने चालवायचे. त्याच्या नळीवर ८० ते २०० असे मिलिमीटरचे आकडे कोरलेले. आत ना मोटर, ना तारा. कडी ओढली की समोरचा कडा मोठा दिसतो, तीच कडी फिरवली की तो स्पष्ट होतो.

भिंग हातोहात फिरत असताना एका मुलीने विचारले, "सर, नुसत्या काचाच मागेपुढे करायच्या, तर हे कॅमेऱ्याइतकंच जुनं असेल ना?"

तसे ते नाही. कॅमेरा १८३९ साली जगापुढे आला. झूम भिंगाची कल्पना अमेरिकेतील क्लाइल ॲलन यांच्या १९०२ सालच्या पेटंटमध्ये सापडते. आणि ३५ मिमी फिल्मच्या साध्या, स्थिर चित्रांच्या कॅमेऱ्यासाठी पहिले झूम भिंग बाजारात आले ते १९५९ साली: फॉइग्टलेंडर कंपनीचे 'झूमार', ३६ ते ८२ मिमी. मग मधली सत्तावन्न वर्षे कशात गेली?

पहिली अडचण वर्गातच करून पाहता येते. १० सेमी नाभीय अंतराचे एक बहिर्वक्र आणि तेवढ्याच नाभीय अंतराचे एक अंतर्वक्र भिंग घ्या. बहिर्वक्र भिंग खिडकीकडे, अंतर्वक्र त्याच्या मागे ४ सेमीवर धरा. या जोडीचे नाभीय अंतर होते २५ सेमी, आणि खिडकीबाहेरच्या दूरच्या झाडाची प्रतिमा मागच्या भिंगापासून १५ सेमीवरच्या कागदावर उमटते. आता दोन भिंगांतील अंतर ५ सेमी करा. नाभीय अंतर २० सेमी झाले, म्हणजे प्रतिमा लहान झाली. पण ती आता मागच्या भिंगापासून १० सेमीवर सरकली! कागद हलवला नाही, तर झाड पुसट दिसते.

कॅमेऱ्यात फिल्म हलवता येत नाही. म्हणून भिंगेच हलवायची. वरच्या उदाहरणात कागद जागच्या जागी ठेवायचा, तर पुढचे भिंग ४ सेमी आणि मागचे ५ सेमी सरकवावे लागेल. भिंगांतील अंतर आणखी एका सेंटिमीटरने वाढवून ६ केले, तर पुढचे सुमारे २.३ आणि मागचे सुमारे ३.३ सेमी. दोन्ही भिंगांची चाल वेगळी, आणि तीही दर पावलाला बदलणारी. ही चाल साधण्यासाठी नळीत वक्र खाचा कापतात आणि भिंगांना जोडलेल्या खुंट्या त्या खाचांतून धावतात. खाच केसभर चुकली, तर चित्र बिघडते. म्हणजे हे भिंग घडवायला काच घासणाऱ्याइतकाच धातू कापणारा कारागीरही तरबेज हवा.

दुसरी अडचण प्रकाशाची. काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. चष्म्यात असे पृष्ठभाग दोनच. पण झूम भिंगात अनेक काचा लागतात. समजा, असे वीस पृष्ठभाग आहेत. ०.९६ ला स्वतःनेच वीस वेळा गुणून पाहा: उत्तर येते सुमारे ०.४४. निम्म्याहून अधिक प्रकाश वाया! शिवाय त्यातला काही आतल्या आत भटकून फिल्मवर पडतो आणि चित्र फिके करतो. यावर उपाय सापडला १९३५ साली. झाइस कंपनीतील अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर अतिपातळ लेप देऊन परावर्तन कमी करण्याची रीत शोधली. जुन्या भिंगात तिरके पाहिल्यावर दिसणारी निळी-जांभळी झाक या लेपाचीच.

तिसरी अडचण आकडेमोडीची. भिंग घडवण्याआधी त्यातून जाणाऱ्या किरणांचा मार्ग गणिताने काढावा लागतो. एकाच नाभीय अंतराच्या भिंगासाठी हे गणित लॉगच्या कोष्टकांवर आणि हाताने फिरवायच्या गणनयंत्रांवर होत असे. झूम भिंगासाठी तेच काम कडीच्या अनेक स्थितींसाठी पुन्हा पुन्हा करायचे. १९५० नंतर इलेक्ट्रॉनिक संगणक मदतीला येऊ लागले, तेव्हा हे ओझे हलके झाले.

सिनेमावाल्यांनी मात्र फार वाट पाहिली नाही. १९३२ साली 'कुक व्हारो' हे ४० ते १२० मिमीचे भिंग सिनेमाच्या कॅमेऱ्यासाठी निघाले. पण अशी भिंगे दुर्मीळ होती. आपल्याकडे प्रभातच्या 'अमृतमंथन' (१९३४) मध्ये राजगुरूचा डोळा पडदाभर दिसतो. त्या काळात प्रतिमा मोठी करायची, तर भिंग बदलायचे किंवा कॅमेराच पुढे न्यायचा, हाच रिवाज होता.

आणि स्थिर छायाचित्रणात झूम रुळले, तरी लगेच निर्दोष झाले नाही. १९६३ साली आलेले निकॉनचे ४३ ते ८६ मिमीचे भिंग खूप खपले, पण त्यात कडेच्या सरळ रेषा वाकलेल्या दिसत. कल्पना एकाची असते. ती वापरात यायला लेथवरचा कारागीर, रसायन जाणणारा आणि गणित करणारा, असे अनेक हात लागतात.

आजच्या बिनआरशाच्या कॅमेऱ्यांनी या जुन्या भिंगांना पुन्हा काम दिले. आमचे भिंग ४२ मिमी व्यासाच्या आट्यांचे. ते फिल्मपासून ४५.४६ मिमीवर बसावे, असे घडवलेले. काही बिनआरशाच्या कॅमेऱ्यांत हे अंतर फक्त १८ मिमी असते. उरलेल्या साडेसत्तावीस मिमीची एक पोकळ नळी मध्ये जोडली की झाले.

कुडपणला आम्ही मुलांकडून एक प्रयोग करून घेतला. एकाच दगडावर उभे राहून ८० मिमीला एक आणि २०० मिमीला एक, अशी दोन चित्रे. पहिल्या चित्राचा मधला भाग अडीचपट मोठा केल्यावर घर आणि मागचा कडा यांचे परस्परप्रमाण दोन्हींत सारखेच आले. मग दहा पावले पुढे जाऊन पाहिले, तर ते बदलले. कडीने फक्त चौकट बदलते. दृष्टिकोन बदलतात ते पाय.

हे का महत्त्वाचे? २२ जुलै २०२१ रोजी याच भागात, महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यातही केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथे जीव गेले. छायाचित्र दरडीचे भाकीत करत नाही. ते काम भूवैज्ञानिकांचे. पण उताराची दरवर्षीची चित्रे एकाच जागेवरून, एकाच नाभीय अंतराने काढली, तर नवी भेग, उघडी पडलेली माती किंवा कललेली झाडे शेजारी ठेवून दाखवता येतात. मधल्या आकड्यावर कडी नेमकी परत आणणे कठीण, म्हणून आम्ही टोकाचे ८० घेतले आणि उभे राहण्याच्या दगडावर खूण केली.

आपल्या शाळेतूनही असा एखादा उतार दिसत असेल. साधा कॅमेरा चालेल. मात्र तारीख, उभे राहण्याची जागा आणि भिंगाचा आकडा वहीत लिहायला विसरू नका. आणि कोकणातल्या दमट हवेत भिंग बंद कपाटात ठेवू नका. काचेवर बुरशी धरते.