कपाशीच्या पाच ओळी

बीटी कापसाचा विषय निघाला की वाद ठरलेला. कोणी म्हणतो शेतकरी तरला, कोणी म्हणतो बुडाला. मला मात्र या इतिहासातले एक छोटे पाकीट फार महत्त्वाचे वाटते.

जनुकीय बदल केलेल्या बियाण्यांसाठी आपल्याकडे १९८९ सालीच नियम झाले. केंद्रीय समितीच्या परवानगीशिवाय असे बियाणे विकता येत नाही. पण २००१ मध्ये गुजरातेत बोंडअळीने कपाशी फस्त केली, तेव्हा एक वाण तेवढे टिकून राहिले. तपासले तर त्यात बीटी जनुक! परवानगी तर तोवर कोणालाच नव्हती. समितीने पीक नष्ट करण्याचा हुकूम काढला, पण बराच कापूस आधीच बाजारात गेला होता.

पुढे मार्च २००२ मध्ये जालन्याच्या महिको कंपनीच्या तीन वाणांना रीतसर परवानगी मिळाली. अट अशी, की बीटीच्या भोवती साध्या कपाशीच्या पाच ओळी किंवा २० टक्के क्षेत्र, यातले जे जास्त असेल ते लावायचे. म्हणून ४५० ग्रॅमच्या बीटी पाकिटासोबत १२० ग्रॅम साधे बियाणे येऊ लागले.

हे कशासाठी? हजारो-लाखोंत एखादी अळी बीटीचे विष पचवते. अशा दोघांचीच जोडी जमली, तर पुढची पिढीही तशीच निपजते. शेजारी साधी कपाशी असली की तिथल्या पतंगांशी संकर होतो आणि तो गुण दबून राहतो.

पण चार एकरवाल्याने अळीसाठी जागा सोडायची कशी? अनेकांनी ते पाकीट पेरलेच नाही. समिती दिल्लीत, शेत यवतमाळात. पाहायला जाणार कोण?

२०१० मध्ये गुजरातेतल्या काही भागांत गुलाबी बोंडअळी पहिल्या बीटीला जुमानत नाही, असे कंपनीनेच जाहीर केले. २००६ पासून दोन जनुकांची वाणे आली होती. २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात तीही या अळीपुढे हरली. लांबवलेली फरदड वगैरे इतर कारणेही होती, पण न पेरलेल्या पाकिटाचा वाटा मोठाच.

२०१० साली बीटी वांग्याला स्थगिती देण्यापूर्वी मंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या. केवढी गर्दी, केवढा आवाज! परवानगी द्यावी की नको, यावर आपण तावातावाने भांडतो. दिल्यानंतर अट पाळली जाते का, हे बघण्यात मात्र कोणालाच रस नसतो. खरी सुरक्षितता त्या पाच ओळींत होती, असे मला वाटते.

असो.