स्तनाच्या कॅन्सरची तपासणी : बायका का टाळतात, अडतं कुठं आणि मार्ग काय?

ऐरोली : भारतातल्या महिलांमध्ये सर्वात जास्त आढळणारा कॅन्सर म्हणजे स्तनाचा कॅन्सर. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार ३० ते ४९ वयाच्या महिलांपैकी कधीतरी स्तनाची तपासणी झालेल्या महिला देशात फक्त ०.९ टक्के निघाल्या. खेड्यांमध्ये हा आकडा ०.७ टक्के आहे. म्हणजे हजार बायकांमागे सात.

लांब अंतर हे एक कारण आहेच. शहापूर किंवा मुरबाडच्या पाड्यावरच्या बाईला टाटा मेमोरियलच्या खारघर केंद्रात जायचं तर आधी जीप किंवा एसटी, मग लोकल, ठाण्याला पुन्हा गाडी बदलायची. पूर्ण दिवस जातो. पण ऐरोलीत महापालिकेचं राजमाता जिजाऊ रुग्णालय आहे आणि इथून खारघरला थेट लोकल जाते. तरी गावाहून येऊन ऐरोली-घणसोलीत घरकाम करणाऱ्या अनेक बायकाही तपासणीला जात नाहीत. म्हणजे अडचण नुसती रस्त्याची नाही.

अडतं कुठं?

गाठ दुखत नाही : सुरुवातीची गाठ बहुतेक वेळा दुखत नाही. ‘दुखत नाही तर डॉक्टर कशाला?’ असं म्हणत महिने जातात. खरं तर न दुखणारी गाठच आधी दाखवायला हवी.

लाज : पुरुष डॉक्टरसमोर अंग उघडं करायचं या विचारानेच बाई मागे फिरते. कित्येक जणी ही गोष्ट नवऱ्याला किंवा सासूलाही सांगत नाहीत.

खाडा : भातलावणीचे दिवस असोत की चार घरची धुणीभांडी, एक दिवस गेला की मजुरी गेली. वर गाडीभाडं, आणि लेकरांना बघायला कोणी नाही.

परवानगी : घरात पैसा आणि निर्णय दुसऱ्याच्या हातात असतो. नवऱ्याच्या छातीत दुखलं की लगेच गाडी निघते, बाईची गाठ मात्र दिवाळीनंतर बघू म्हणून राहते.

भीती : ‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ हा समज गावोगाव आहे. तो खोटा आहे. सुईने तुकडा तपासल्याशिवाय गाठ कसली हे पक्कं कळत नाही. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, हेही लक्षात ठेवा.

दुसरी फेरी : सगळ्यात मोठी अडचण इथं येते. शिबिरात गाठ सापडते, चिठ्ठी मिळते, पण चिठ्ठी घेऊन मोठ्या रुग्णालयात जायला सोबत कोणी नसतं. चिठ्ठी डब्यात पडून राहते आणि तपासणी होऊनही उपयोग होत नाही.

मुंबईने काय दाखवलं?

टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये मोठा अभ्यास केला. त्यात ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून जास्त महिला होत्या. निम्म्या वस्त्यांमध्ये दर दोन वर्षांनी, अशा चार वेळा, हाताने स्तन तपासले गेले. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, प्रशिक्षण दिलेल्या महिला आरोग्य कार्यकर्त्या होत्या. २०२१ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. तपासणी झालेल्या वस्त्यांमध्ये कॅन्सर लवकरच्या टप्प्यात सापडला. पन्नाशीच्या आणि पुढच्या बायकांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांमध्ये मात्र मृत्यूंमध्ये तसा ठोस फरक दिसला नाही.

यातून गावासाठी एक गोष्ट स्पष्ट होते. पहिल्या पायरीला महागडं मशीन लागत नाही. घराजवळ, शिकवून तयार केलेली बाई आणि आडोशाची खोली एवढं पुरतं. मॅमोग्राफी, सोनोग्राफी किंवा सुईची तपासणी हे गरज पडली तर पुढचं काम.

तपासणी कुठं आणि कशी?

सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या महिलांची स्तनाची तपासणी दर पाच वर्षांनी करायची असते. आशाताई घरी येऊन जो फॉर्म भरतात त्यात स्तनातल्या गाठीबद्दल प्रश्न असतो. तिथं लाजू नका, खरं सांगा. उपकेंद्र, आयुष्मान आरोग्य मंदिर किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात हाताने तपासणी होते, काही मिनिटांचं काम असतं. ‘बाईनेच तपासावं’ असं सांगायचा तुम्हाला हक्क आहे. सिस्टरताई कोणत्या दिवशी असतात ते आशाताईंना आधी विचारून जा, म्हणजे खाडा फुकट जाणार नाही.

पाच वर्षं थांबायचं ते काही त्रास नसेल तर. खालचं काही दिसलं तर वय कितीही असो, लगेच दाखवा :

- स्तनात किंवा काखेत गाठ
- बोंडातून रक्त किंवा पाणी येणं
- बोंड नव्याने आत ओढलं जाणं
- कातडीला खळी पडणं, किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसणं
- भरून न येणारी जखम
- एका स्तनाच्या आकारात अचानक फरक

अंगावर पाजणाऱ्या बाईनेही ‘दुधाची गाठ असेल’ म्हणून सोडून देऊ नये.

खर्चाचं काय?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन यांचा समावेश आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन आधी त्यांना भेटा, म्हणजे कोणत्या उपचाराचे पैसे लागणार नाहीत ते कळतं.

घरच्यांनी आणि गावाने काय करावं?

एकटीने जायला बाई घाबरते, चौघी मिळून जातात. बचत गटाने एक दिवस ठरवावा आणि एकच जीप करावी. शिबिर घेणाऱ्यांनी चिठ्ठी दिलेल्या बायकांची यादी आशाताईंकडे ठेवावी आणि महिनाभरात कोण गेली, कोण राहिली हे पाहावं. ही यादी भिंतीवर लावायची नाही, गावभर बोलायचं नाही. आणि नवरा, मुलगा, दीर यांचं काम सोपं आहे : चिठ्ठी मिळाली की त्याच आठवड्यात सोबत जायचं.