हत्तीच्या दाढांचे जीवाश्म (गोदावरी खोरे, नाशिक)

नाशिक जिल्ह्यात गोदावरीच्या जुन्या गाळात सापडणारे, प्लाइस्टोसीन (हिमयुगाच्या) काळातील हत्तींच्या दाढांचे अवशेष. भलीमोठी दाढ पाहिली की मॅमथचे नाव ओठावर येते; मात्र केसाळ मॅमथ हा युरेशिया आणि उत्तर अमेरिकेतील थंड गवताळ प्रदेशांचा रहिवासी होता. गोदाकाठचा प्राणी म्हणजे पॅलिओलोक्सोडॉन नॅमॅडिकस हा नामशेष झालेला महाकाय हत्ती. नर्मदेच्या गाळातील अवशेषांवरून फाल्कनर व कॉटली या अभ्यासकांनी १८४६ मध्ये त्याचे नामकरण केले. निफाड तालुक्यात, गोदावरी-कादवा संगमाजवळच्या नांदूर मधमेश्वर येथील या हत्तीच्या अवशेषांवर भूवैज्ञानिक जी. ई. पिलग्रिम यांनी १९०५ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नियतकालिकात निबंध लिहिला. गोदाखोऱ्याच्या जीवाश्म अभ्यासात या निबंधाचे स्थान मोलाचे आहे. 

दख्खनचा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यात हत्तीचे अवशेष मिळणे शक्य नाही. त्यासाठी नदीने कापलेल्या दरडी आणि त्यांतील वाळू-गोट्यांचे घट्ट थर पाहावे लागतात. सांगाड्यातील हाडे झिजून फुटतात, पण दाढा टिकतात, कारण दाढेवरचे एनॅमल हे कवच फार कठीण असते. हत्तीची दाढ म्हणजे एनॅमलने वेढलेल्या उभ्या चकत्यांची दंतसिमेंटने (सिमेंटमने) जोडलेली रांग. जबड्याच्या प्रत्येक बाजूला आयुष्यभरात सहा दाढा एकीमागून एक पुढे सरकत येतात. त्यामुळे दाढ कितवी आहे आणि किती झिजली आहे यावरून मृत्यूसमयीचे वय अजमावता येते. चकत्यांची संख्या, त्यांच्यातील अंतर आणि एनॅमलची जाडी व वळ्या यांवरून जात ठरवतात. केसाळ मॅमथच्या चकत्या पातळ व दाटीवाटीच्या असतात.

त्याच काळातल्या माणसाची दगडी हत्यारेही गोदाखोऱ्यातील गाळात मिळतात; पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांचा त्यांवरील ग्रंथ १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणूनच दाढ कोणत्या थरात होती, तिच्याजवळ काय होते, ही माहिती दाढेइतकीच, किंबहुना अधिक मोलाची ठरते. थरातून उचलून दिवाणखान्यात ठेवलेली दाढ सुंदर दिसते, पण त्या थराचा काळ ठरवायला तिचा फारसा उपयोग राहत नाही. ओली दाढ उन्हात झपाट्याने वाळली तर तडकते, हे वेगळेच नुकसान. दरडीत अशी दाढ दिसल्यास ती उकरू नये. शेजारी मोजपट्टी ठेवून थरासह छायाचित्र घ्यावे, जागेची नोंद करावी आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज किंवा भूवैज्ञानिक सर्वेक्षण यांना कळवावे.