बाका-योके, पोका-योके आणि आपल्या फोनमधलं ॲप

चाकण, भोसरी, आकुर्डीत लाईनवर सहा महिने काढलेल्या माणसाला ‘पोका-योके’ म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. पार्ट उलटा धरला तर फिक्श्चरमध्ये बसतच नाही. एक बोल्ट आवळायचा राहिला तर गाडी पुढच्या स्टेशनला सरकत नाही, लाल दिवा लागतो. माणूस चुकणार हे धरूनच सगळी मांडणी केलेली असते. ट्रेनिंगमध्ये हा शब्द लवकरच कानावर पडतो, पण तो आला कसा हे सहसा कुणी सांगत नाही. ती गोष्ट आज लिहितोय, कारण तिचा संबंध आपल्या सगळ्यांच्या फोनशी आहे.

जपानमधला यामादा इलेक्ट्रिक नावाचा कारखाना, साल १९६१. तिथे एक छोटा स्विच जोडला जायचा. दोन बटणं, प्रत्येकाखाली एक स्प्रिंग. कामगार कधीकधी एक स्प्रिंग घालायचीच विसरायचे आणि गिऱ्हाइकाची तक्रार यायची. मग बोलणी, तंबी, ‘लक्ष देऊन काम करा’. काही दिवस बरे जायचे, पुन्हा तेच. शिगेओ शिंगो या इंजिनिअरने साधा उपाय सांगितला. आधी दोन स्प्रिंगा काढून छोट्या ताटलीत ठेवायच्या, मग जोडणी करायची. ताटलीत स्प्रिंग उरली तर बसवायची राहिली, हे तिथल्या तिथे दिसतं. खर्च एका ताटलीचा.

अशा युक्त्यांना तेव्हा ‘बाका-योके’ म्हणत. बाका म्हणजे मूर्ख. मूर्खालाही चुकता येणार नाही अशी सोय, असा त्याचा अर्थ. १९६३ मध्ये गाड्यांच्या बॉडी बनवणाऱ्या अराकावा कारखान्यात सुपरवायझरने हा शब्द वापरून अशी सोय समजावली, तर तिथली एक कामगार बाई रडायलाच लागली. आपण काय इतक्या मूर्ख आहोत? शिंगोंनी मग शब्दच बदलला. ‘पोका’ म्हणजे अनवधानाने झालेली चूक, जी कुणाच्याही हातून होते. दोष माणसावरून उठला आणि कामाच्या मांडणीवर गेला.

हे नुसतं मन राखणं नव्हतं, त्यामागे मोजमापही होतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलातल्या रडारवर बसणाऱ्या जवानांच्या नजरेतून पडद्यावरच्या खुणा सुटायच्या. नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने त्यासाठी एक घड्याळ बनवलं. काटा सारख्या उड्या मारतो, क्वचित दुप्पट उडी मारतो, ती दिसली की कळवायचं. १९४८ मध्ये छापलेला निष्कर्ष असा की पहिल्या अर्ध्या तासानंतर धडधाकट माणसाचंही लक्ष ढळतं. आता यात थर्ड शिफ्ट मिळवा. एडीएचडी असलेला पोरगा मिळवा, पॅरालिसिसच्या झटक्यातून सावरणारी आजी मिळवा.

आपल्या पट्ट्याचा इतिहास तुम्हाला ठाऊक आहे. १९५४ ला पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, १९६२ ला एमआयडीसीची स्थापना, १९६६ ला टेल्को. ऐंशीच्या दशकात बजाजने कावासाकीशी हात मिळवला, आणि जपानी शब्द इथल्या मराठीत हळूहळू मिसळत गेले. आज व्हेंडरच्या पत्र्याच्या शेडमध्येही काइझेनचा फळा दिसतो. (सगळीकडे तो खराच असतो असं नाही. प्रेसवर बोटं गमावलेली माणसं या भागात शोधावी लागत नाहीत.)

पण हाच कामगार गेटबाहेर येऊन फोन काढतो, तेव्हा थेट ताटलीच्या आधीच्या काळात जातो. मध्यंतरी चाकणला तळेगाव चौकात टपरीवर एक कॉन्ट्रॅक्टवरचा पोरगा भेटला, थर्ड शिफ्ट करून आलेला. एका ॲपवर अर्ज भरत होता. ॲपचं नाव लिहीत नाही. नाव, जन्मतारीख, आधार, कॅप्चा, ओटीपी. ओटीपी बघायला मेसेजमध्ये गेला, तेवढ्यात घरून फोन आला. परत आला तर पान कोरं. तीनदा झालं तसं. शेवटी फोन खिशात घालत म्हणाला, “मलाच जमत नाही, भाऊ.”

रात्रभर मशीन सांभाळून आलेला माणूस स्वतःला बाका म्हणत होता. हे मला बोचलं.

आपल्याच शहराने याचं उत्तर एकदा दिलं होतं, आणि ते बऱ्यापैकी चांगलं होतं. १५ ऑगस्ट २०१३ ला, डॉ. श्रीकर परदेशी आयुक्त असताना, पिंपरी-चिंचवड महापालिकेने ‘सारथी’ सुरू केलं. कुठल्या कामाला कुठली कागदपत्रं, कुठल्या ऑफिसात जायचं, असे नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं एकत्र केली. तीच माहिती पुस्तिकेत, वेबसाइटवर, मोबाइल ॲपवर आणि हेल्पलाइनवर. नंबर ८८८८ ०० ६६६६. एकदा ऐकला की डोक्यात बसतो. लक्ष कमी असलेल्या माणसासाठी केलेलं डिझाइन म्हणजे हेच की! ॲप जमलं नाही तर पुस्तिका, पुस्तिका नको तर फोन, आणि फोनवर माणूस. (लायसन्सच्या पोर्टलचंही नाव सारथी, पुण्यातल्या शाहू महाराजांच्या नावच्या संस्थेचंही सारथी. लक्षात ठेवायचं तरी किती!)

जगात आता याचे लिखित नियम आहेत. वेबसाठीचे सुलभतेचे नियम २००८ पासून सांगतात की पानाला वेळेची मर्यादा असेल तर वेळ संपण्याआधी सूचना द्या आणि साध्या एका कृतीने ती वाढवू द्या. ५ ऑक्टोबर २०२३ च्या आवृत्तीत आणखी भर पडली. एकदा भरलेली माहिती त्याच कामात पुन्हा विचारू नका, लॉगिनसाठी फक्त स्मरणशक्तीची परीक्षा घेऊ नका, मदतीचं बटण दर पानावर त्याच जागी ठेवा. ताटलीतल्या दोन स्प्रिंगाच या.

आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. त्यातल्या २१ प्रकारांत एडीएचडीचं स्वतंत्र नाव नाही, ही मोठी उणीव आहे असं माझं मत. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा जगण्याच्या हक्काचाच, कलम २१ चा भाग मानला. तो खटला ई-केवायसीत अडकलेल्या ॲसिडहल्ला पीडितांचा आणि दृष्टिहीनांचा होता, पण अडवणूक ओळखीचीच.

ओटीपीची मुदत सुरक्षेसाठी असते, हे मान्य. ती लांबवा असं कुणी म्हणत नाही. पण ओटीपी संपला म्हणून आधी भरलेलं नाव, पत्ता, खाते क्रमांक पुसून टाकण्यात कसली सुरक्षा? एक बोल्ट राहिला म्हणून कुठली लाईन अख्खी गाडी उघडायला लावते?

महापालिका किंवा सरकारी खातं नवीन ॲपचं टेंडर काढेल तेव्हा एक अट घालायला हरकत नाही. चाचणी एसी ऑफिसात नको, सकाळी थर्ड शिफ्ट सुटताना गेटवर घ्या. दहा जणांना अर्ज भरायला सांगा आणि मधेच एक फोन करा.

तुम्हाला कुठलं ॲप कुठल्या पानावर अडवतं ते कमेंटमध्ये लिहा. एकत्र करून महापालिकेकडे आणि संबंधित खात्यांकडे लेखी देणार आहे. स्क्रीनशॉट टाकताना आधार नंबर झाका, आणि ओटीपी तर कुणालाच देऊ नका, मलाही नाही.