शेजाऱ्याकडून आणलेली स्क्रिप्ट

तुम्ही नेटफ्लिक्सवर एखादी मालिका लावता, तेव्हा तो व्हिडिओ पाठवणारे नेटफ्लिक्सचे सर्व्हर फ्रीबीएसडी नावाच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतात. लिनक्सचं नाव तुम्ही ऐकलेलं असतं, हे कदाचित नसेल. फ्रीबीएसडीचं मशीन सुरू करताना एकेक सेवा जागी करणाऱ्या स्क्रिप्ट असतात. त्यांतली मुख्य फाइल उघडून पाहिलीत, तर वरच्या ओळींत दुसऱ्याच सिस्टिमचं नाव दिसेल: नेटबीएसडी. ते तिथे कसं आलं, याची ही गोष्ट.

आधी नातं समजून घेऊ. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथे युनिक्सची एक शाखा वाढली, तिला बीएसडी म्हणतात. १९९३ मध्ये तिच्यातून दोन प्रकल्प निघाले. फ्रीबीएसडीने आपल्या टेबलावरच्या साध्या पीसीवर लक्ष दिलं. नेटबीएसडीने जमेल तितक्या प्रकारच्या यंत्रांवर चालायचं ठरवलं. घर एक, पण चुली वेगळ्या झाल्या.

दोघांना वारशात एकच जुनी पद्धत मिळाली होती. मशीन सुरू झालं की ‘आरसी’ नावाची एक लांबलचक स्क्रिप्ट वरून खाली धावायची. ओळींचा जो क्रम, तोच सेवा सुरू होण्याचा क्रम. वाचायला हे सोपं होतं. पण चालू मशीनवर फक्त एखादी सेवा बंद करून पुन्हा सुरू करायची तर सगळ्यांसाठी एकच ठरलेली रीत नव्हती. नवी सेवा घालायची तर त्या मोठ्या फाइलमध्ये हात घालावा लागे. युनिक्सच्या दुसऱ्या शाखेने, म्हणजे सिस्टिम फाइव्हने, प्रत्येक सेवेला वेगळी फाइल देऊन नावात क्रमांक घातले होते. पण सेवा विसाव्या नंबरवरच का, याचं उत्तर त्या क्रमांकात कुठेच नसायचं.

नेटबीएसडीने तिसरा रस्ता काढला. डिसेंबर २००० मध्ये आलेल्या १.५ आवृत्तीत प्रत्येक सेवेची स्क्रिप्ट वेगळी झाली आणि तिच्या डोक्यावर दोन गोष्टी लिहिल्या जाऊ लागल्या: ‘मी काय पुरवते’ आणि ‘मला आधी काय लागतं’. ‘आरसीऑर्डर’ नावाचा छोटा प्रोग्राम या सगळ्या ओळी वाचतो आणि क्रम स्वतः लावतो. सगळ्या स्क्रिप्टना लागणारं समान काम एका सामायिक फाइलमध्ये ठेवलं. या रचनेमागचं मुख्य नाव म्हणजे ल्यूक म्यूबर्न. २००१ च्या यूसेनिक्स परिषदेत त्यांनी त्यावर निबंधही वाचला.

२००२ मध्ये फ्रीबीएसडीने हा कोड घ्यायचं ठरवलं. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय, फाइली उचलल्या आणि ठेवल्या. इथेच खरी मेख आहे.

सेटिंगच्या फाइलमध्ये नेटबीएसडीचा माणूस लिहितो ‘एसएसएचडी=येस’. फ्रीबीएसडीचा माणूस लिहितो ‘एसएसएचडी_एनेबल=येस’. फरक एका शब्दाचा, पण तो शब्द असंख्य मशीनवर आधीच लिहिलेला होता. कोड पाहुणा आहे म्हणून घरच्यांनी आपल्या सेटिंग बदलायच्या का? फ्रीबीएसडीने तसं केलं नाही. सामायिक फाइलमध्ये एक छोटं फंक्शन घातलं. आपण कोणत्या सिस्टिमवर आहोत ते बघून ते योग्य नाव परत द्यायचं. कितीतरी स्क्रिप्टमध्येही ‘फ्रीबीएसडी असेल तर हे, नेटबीएसडी असेल तर ते’ अशा फांद्या होत्या. काही काळ जुनी आणि नवी अशा दोन्ही पद्धती शेजारी शेजारी ठेवल्या आणि कोणती वापरायची ते एका ओळीत ठरवता येई. जानेवारी २००३ मध्ये आलेल्या ५.० आवृत्तीत लोकांच्या हाती नवी पद्धत आली.

त्या फांद्यांमागे एक आशा होती: दोन्ही घरांनी एकच फाइल वापरावी, एकाने केलेली दुरुस्ती दुसऱ्याला आपोआप मिळावी. ती आशा फार टिकली नाही. दोन्हीकडच्या सेवा वेगळ्या होत्या, गरजा वेगळ्या होत्या आणि बदलांचा वेगही वेगळा होता. काही वर्षांत फ्रीबीएसडीने नेटबीएसडीसाठीच्या फांद्या छाटल्या. नाव जुळवणारं ते फंक्शन तेवढं बरीच वर्षं राहिलं. २०१२ मध्ये तेही निवृत्त केलं, कारण प्रत्येक स्क्रिप्टमध्ये ते बोलावताना एक वेगळी प्रक्रिया उभी राहायची आणि छोट्या, मंद यंत्रांवर मशीन सुरू व्हायला उशीर व्हायचा.

मग हे सगळं फसलं असं म्हणायचं का? मला तसं वाटत नाही. विरजण शेजारून आणलं म्हणून दही कायम शेजारच्या चवीचं लागत नाही, ते आपल्या दुधाचं होतं. ‘मी काय पुरवते, मला काय लागतं’ ही मूळ कल्पना फ्रीबीएसडीत आजही चालू आहे. ती तिथेच थांबलीही नाही. २००३ मध्ये मॅथ्यू डिलन यांनी फ्रीबीएसडीच्या चौथ्या मालिकेतून ड्रॅगनफ्लाय बीएसडी वेगळी काढली. त्या मालिकेत जुनीच पद्धत होती. म्हणून ड्रॅगनफ्लायने नवी पद्धत फ्रीबीएसडी ५ मधून आणली. नेटबीएसडीचं लेणं असं तिसऱ्या घरी पोचलं.

या प्रवासात कोणी कोणाकडे परवानगी मागायला गेलं नाही, पैसेही दिले नाहीत. बीएसडी परवान्यात तशी गरजच नसते. मुख्य अट साधी आहे: मूळ लेखकाची नोंद आणि परवान्याचा मजकूर काढायचा नाही. म्हणूनच फ्रीबीएसडीच्या त्या फाइलवर अजून लिहिलेलं आहे की हा कोड ल्यूक म्यूबर्न यांनी नेटबीएसडी फाउंडेशनला दिलेल्या कामावरून घेतला आहे. आतला मजकूर कितीदा बदलला, पण ती ओळ राहिली. माझ्यासारख्या संशोधकाला तर ती ओळ म्हणजे दस्तऐवजच. ती नसती, तर कोणती कल्पना कुठून आली हे आज शोधणं कितीतरी अवघड झालं असतं.

तुमच्यापैकी बरेच जण असाइनमेंटसाठी, नोकरीत किंवा हौसेखातर दुसऱ्याचा कोड घेत असाल. जरूर घ्या. फक्त दोन गोष्टी बघा. तो बसवताना आपल्या वापरकर्त्यांच्या सवयी उगाच मोडत नाही ना? आणि फाइल ‘स्वच्छ’ करायच्या नादात वरच्या चार ओळी पुसल्या जात नाहीत ना?