बेरीज तारेतली, बेरीज आकड्यांतली

बहिणाबाईंची 'मानिनी'तली गाणी मी प्रथम दीपनगरला, भुसावळच्या औष्णिक वीजकेंद्राच्या वसाहतीत, रेडिओवर ऐकली. चित्रपट १९६१ चा, संगीत वसंत पवारांचे. त्या काळी गायक-वादक एकत्रच ध्वनिमुद्रण करत. प्रत्येक मायक्रोफोनचा विद्युतसंकेत मिक्सरमधल्या रोधकांतून एका तारेवर येई, घटलेली पातळी ॲम्प्लिफायर भरून काढी. एकाची चूक झाली, की सगळे पुन्हा पहिल्यापासून! आज संगणक हीच बेरीज आकड्यांत, जवळजवळ बिनचूक करतो. तरीही काही स्टुडिओ वेगवेगळे ट्रॅक 'ॲनालॉग समिंग मिक्सर'मधून पुन्हा तारेवर आणतात. ट्रान्सफॉर्मरमुळे येणारी किंचित विकृती कानाला उबदार वाटते. मला वाटते, जुन्या गाण्यांतली बरीचशी ऊब एकमेकांना ऐकत वाजवणाऱ्या माणसांची होती. ती पेटीत कशी मिळणार?